दोन रामकली

वहीत पाच चौकटी होत्या, लाल पेनाने आखलेल्या.
माहिती, निदान, आखणी, अंमल, पडताळणी.
परीक्षेत त्या ओळीने काढायच्या
आणि शेवटचा बाण पुन्हा पहिल्या चौकटीकडे वळवायचा;
नाही वळवला तर अर्धा मार्क जातो.

जानेवारी होता. लष्करातून टेम्पोने येताना
किल्ला दिसलाच नाही, धुक्याने गिळला होता.
वॉर्डात खिडकीची एक काच नव्हती,
तिथे औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा ठोकलेला.
रात्री कधीतरी चौदा आणि सतरा नंबरने
आपसात खाटा बदलल्या.
एकीला वारा झोंबत होता,
दुसरीला म्हणे सकाळची धूप हवी होती.
कोणी कुणाला विचारलं नाही.
फाइली मात्र खाटांनाच लटकलेल्या.

दोघींचं नाव रामकली.
एक भिंडकडची, दम्याची.
एक मुरैन्याकडची, साखरेची.

मी बारा युनिट इन्शुलिन भरलं. बुडबुडा टिचकीने वर आणला,
डोळ्यांसमोर धरून रेघ पाहिली, दोनदा.
औषध बरोबर, मात्रा बरोबर, वेळ बरोबर.
सतराच्या खाटेशी वाकून, गोड आवाजात विचारलं,
"रामकली अम्मा ना?"
ती हो म्हणाली.
ती सगळ्यालाच हो म्हणायची.
दुखतंय? हो. बरं वाटतंय? हो.
पांढऱ्या कपड्यातल्या माणसाला नाही म्हणायची
सवयच नव्हती तिला.

स्पिरिटचा बोळा दंडावर टेकला होता
तेव्हा मागून केरकेट्टा सिस्टरचा हात आला.
ओरडल्या नाहीत.
"उत्तर तूच दिलंस," म्हणाल्या. "आता प्रश्न विचार."

नाव सांगा अम्मा. रामकली.
मनगटावरची पट्टी स्वेटरखाली, काचेच्या बांगड्यांखाली,
शाई धुऊन गेलेली. एक 'रा' उरलेला, आणि एक शून्य.
नवऱ्याचं नाव?
तिने पदर दातात धरला.

माझ्या मावशीला नाव घे म्हटलं की
चांदीच्या ताटापासून सुरुवात,
तिसऱ्या ओळीत काका हजर.
इथे उखाणा नव्हता. इथे नाव म्हणजे जिभेला चटका.

सिस्टर तिच्या खाटेवर बसल्या
(रुग्णाच्या खाटेवर बसू नये, हे त्यांनीच शिकवलेलं)
आणि म्हणाल्या, दाखवा मग.
म्हातारीने स्टुलावरच्या लोट्याकडे बोट केलं.
लोटा? छे.
लोट्यातलं पाणी. मग दोन्ही हात पसरले,
इतके की सलाईनची नळी ताणली गेली.
"जासें बड़ो. भौत बड़ो."

दरयाव.
दरयावसिंग, जिल्हा भिंड. फाइल चौदा नंबरची.
पलीकडे मातादीनची रामकली
न आलेल्या उन्हाकडे तोंड करून बसली होती,
नाश्ता कधी येतो बघत.

भरलेली सिरिंज डब्यात टाकली. नवी भरली,
सिस्टरसमोर, लेबल मोठ्याने वाचत.
आवाज माझा नव्हता तो.

"रजिस्टरात लिही."
पण काही झालं तर नाही ना, सिस्टर.
"म्हणून तर. झाल्यावर सगळेच लिहितात."
लिहिलं: खाटा बदलल्या. पट्टी पुसट.
प्रश्नातच उत्तर दिलं, ते मी.
शेवटचा रकाना होता, रुग्णाला झालेली इजा.
'नाही' हे दोन अक्षरी शब्द
मी इतक्या हळू कधी लिहिले नव्हते. एकच शब्द आहे तो.

अर्ध्या तासाने परत गेले. बाण वळवायला.
दरयावसिंगांची रामकली बसून होती, छातीत बारीक शिट्टी.
पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. चोवीस.
नवी पट्टी बांधली, बांगड्यांच्या वर, दिसेल अशी,
पक्क्या शाईची.
तिला वाचता येत नव्हतं. अक्षरांवरून बोट फिरवत
तिने हळूच विचारलं, यात त्यांचंही आहे?
हो म्हटलं.
तिने लगेच त्यावर पदर ओढला.