पाण्यात पाहणे

डिझेलची वही माझीच. निळ्या पुठ्ठ्याची,
माशांचा वास मुरलेली, आणि अक्षर माझं वाईट.
तीत नऊ फेब्रुवारीसमोर एकच शब्द आहे: किनाऱ्यावर.
बोट त्या दिवशी ओंडक्यांवर चढवलेली,
मी बुडाला चिकटलेले शिंपले खरवडत होते.

ओडवारच्या अहवालात मात्र
त्याच नऊ तारखेला, सकाळी दहा वीसला,
तो माझ्याच बोटीवरून फ्योर्डमध्ये उतरला,
अकरा मीटर खाली गेला,
पुलाचा चौथा खांब त्याने स्वतः पाहिला.
तडा नाही. झीज नाही.
खाली सही, शेपटी वर वळलेली,
जिच्याकडे बावीस वर्षांत
कुणी दुसऱ्यांदा बघितलं नव्हतं.

सुनावणीच्या आदल्या रात्री तो आला.
बूट दारातच काढले. कॉफी नको म्हणाला.
रॅग्नफ्रिड, कान फुटला होता माझा.
तीन खांब झाले होते, चौथाही त्यांचाच भाऊ.
मुदत संपत होती, उशिराचा दंड तुला ठाऊक आहे.
तू फक्त म्हण, आठवत नाही.
खोटं बोल, असं मी म्हणतच नाहीये.

मी त्याच्या हातांकडे बघत राहिले.
याच हातांनी माझ्या लेकीला
धक्क्याखालच्या बर्फातून वर ओढलं होतं,
ती सात वर्षांची असताना.

आठवत नाही.
किती सोयीचं वाक्य,
लोकरी मोज्यासारखं, कुणाच्याही पायाला बसेल.

प्रतिष्ठा आणि विवेक यांना स्मरून उभी राहिले.
त्याच्या वकील बाईंनी आधीच्या साक्षीदाराला विचारलं होतं,
पूल पडला का?
नाही.
कुणाला इजा?
नाही.
मग नव्या पाणबुड्यांचा अहवाल वाचला गेला:
चौथा खांब शाबूत. तडा नाही. झीज नाही.
शब्दसुद्धा त्याचेच.
बाकांवरून सुटकेचा सुस्कारा आला. ओडवारने डोळे मिटले.

न्यायाधीश बाई लहानखुऱ्या. चष्मा पुसत म्हणाल्या,
खांब धड आहे हे तुम्हालाही आज कळतंय, श्रीयुत हेल्लेसुंद.
खांबाचा दोष नाहीच.
खोटं आहे ते एक क्रियापद: पाहिला.

आणि माझ्याकडे वळल्या.
बोट कुठे होती?

वही मी उघडलीच नाही.

साठ दिवसांची कैद, परवाना कायमचा रद्द.
साठ दिवस काय, सरतात.
पण नंतर त्याचे सगळे जुने अहवाल कपाटांतून निघाले.
पूल, धक्के, एक बोगद्याचं तोंड.
अजून माणसं ठिकठिकाणी बुडी मारताहेत,
त्याने खरोखर पाहिलेलं
पुन्हा पाहून येताहेत.
खरं लिहिलेलंसुद्धा आता
त्याच्या बाजूने बोलायला उभं राहत नाही.
आणि शिकाऊ एस्किल, ज्याने 'सोबत हजर' या रकान्यात
सांगितलं म्हणून नाव घातलं,
तो उत्तरेकडे कुठेतरी ट्रक चालवतो म्हणे.

पाण्यात पाहणं ओडवारचं काम होतं.
आता गाव मला पाण्यात पाहतं.
दुकानात सुटे पैसे हातावर देत नाहीत,
काउंटरवर ठेवतात, एकेक नाणं.
लेक फोन उचलते. हो म्हणते, बरं म्हणते.
ती काय विचारत नाही ते मला ऐकू येतं.

परवा मासळीच्या फॉर्मवर वजन भरायचं होतं
आणि काटा बिघडलेला.
अंदाज येतो मला, तीस वर्षांचा हात आहे,
किलोभर इकडे की तिकडे.
पेन टेकवलं. शाईचा ठिपका पडला, पसरला.

मग कोट चढवला
आणि शेजारी काटा मागायला गेले.
आत दिवा होता.
दार उघडायला त्यांनी बराच वेळ लावला.
मी थांबले.