माप

माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला
तेव्हा अर्धी टोपी सुईवरच राहिली.
हे म्हणाले, आण इकडं.
एकतीस वर्षं उद्यमनगरात लेथवर उभा राहिलेला माणूस,
नखांत अजून ऑईलचा काळा.

'साईज सांग.'
म्हटलं, मोसंबीएवढं डोकं.
'मोसंबी मिलिमीटरमध्ये किती?'

मग सीपीआरला जाऊन
एस्तेर सिस्टरना गाठून
वहीत लिहून आणलं :
घेर पंचवीस सेंटिमीटर. वजन नऊशे दहा.
'गुळाचा किलोचा रवा असतो न्हवं,
त्याच्याहून हलकं,'
एवढंच म्हणाले
आणि जेवताना काही बोललेच नाहीत.

चौसष्ट टाके. दोन सुलट, दोन उलट.
पहिली टोपी घासणीसारखी झाली.
दुसरी नारळाला बसली असती.
तिसरीला यांनी व्हर्निअर लावला.
मी हसले, तर म्हणतात,
'सैल झाली तर ऊब गळती,
घट्ट झाली तर खूण उठती.
हितं सूतभर इकडंतिकडं चालत न्हाई.'

आता संध्याकाळी गंगावेशीत
धारोष्ण दुधाला गर्दी होते, म्हशी उभ्या असतात,
हे पिशवीतून गुंडा काढून तिथंच बसतात.
तालमीतली पोरं
पेला ओठाशी धरून बघत राहतात.
'कुणाला ओ काका?'
'हाय एक पैलवान.
अजून वजनात बसला न्हाई.'

दर गुरुवारी बारा टोप्या, धुऊन, उन्हात वाळवून.
किती लागल्या, विचारत नाहीत.
एकदा सिस्टरच म्हणाल्या,
ती पांढरी होती ना,
ती बाळाबरोबरच दिली.
त्या रात्री यांनी टाके घातले, मोजले, उसवले.
घातले, मोजले.
मला नीट दिसत नव्हतं,
सुयांचा आवाज तेवढा येत होता.

परवा कागलकडची एक बाई
दारात येऊन पिवळी टोपी परत देऊन गेली.
'बसतच न्हाई ओ आता.
कानाच्या वरच अडकती.'

एकतीस वर्षांत यांचा एकही जॉब
रिजेक्ट होऊन आला नव्हता.
हे टोपी उजेडाला धरून उभे.
आत बोट फिरवलं.
कडेला चिकटलेला एक केस, जावळाचा, काळा,
चिमटीत धरून मला दाखवायला आले,
मला कुठला दिसायला.

मग पायात चप्पल न घालताच
चौगुल्यांच्या दारात, तिथून गिरणीवर,
तिथून कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडं :
'माल परत आला की रं!'