हातचा एक

वासाच्या बंदरातल्या कचेरीत दुपारी तीनलाच दिवे लागतात.
समुद्र गोठलेला. बोटीने कापलेली काळी वाट
तासाभरात मागून सांधत येते.
हिलेवी आणि मी, एका टेबलाच्या दोन कडांना,
एक यादी पलीकडे नेऊ पाहतोय.

यादी साधीच. बोटीवर चढलेल्या गाड्या,
चढल्या त्या क्रमाने.
ती बनते इथे, हिलेवीच्या नव्या भाषेत,
जी शून्यापासून मोजते.
वाचली जाते पलीकडे, उमेओत, माझ्या जुन्या भाषेत,
जी एकापासून.
पहिल्या रात्री पूल जोडला
आणि सगळ्यात आधी चढलेली गाडीच हरवली:
दोन पियानो, एक झोपलेला कुत्रा, असा टेम्पो,
डेकवर उभा, कागदावर नाही.
आणि शेवटी, चाळिसाव्या जागी,
कुणीच नसलेली एक गाडी.

"हातचा एक विसरलास," हिलेवी म्हणाली.
उमेओत घड्याळ एका तासाने मागे असतं.
खलाशी न बघता मनगटावरचा काटा फिरवतात,
जाताना वजा, येताना अधिक.
तेवढंच शिकवायचं होतं पुलाला.
आठवडा गेला.

मग नक्कल. सोपी वाटली.
सगळी यादी उचलायची, तिकडे उतरवून ठेवायची.
गुनेल ओस्टरब्लूम, वय एक्याऐंशी,
फाटकावरूनच परत फिरल्या, बर्फ बघून.
इथे आम्ही नाव खोडलं.
तिथे ते आधीच पोचलं होतं.
उमेओच्या भोंग्यावर त्यांना तीनदा हाक मारली,
कुणी बॅटरी घेऊन गाड्यांच्या खाली वाकून पाहिलं.
गुरुवार होता. त्या घरी वाटाण्याचं सूप पीत होत्या.

म्हणून ठरलं, काहीच न्यायचं नाही.
पलीकडे नुसतं एक दार उभं करायचं.
कुणी विचारलं, तिसरी कोण?
तर दाराने मागे वळून इथे विचारायचं, दुसरी कोण?
आणि उत्तर घेऊन असं उभं राहायचं
जणू ते घरातूनच आलं.
लांबी विचारा, उलटी फिरवा, मधूनच तोडा,
यादीने त्यांच्या बोलीत हुंकार द्यावा,
आणि इथे खोडलेलं तिथे खोडलेलं दिसावं.

पण हिलेवीच्या भाषेत रात्री एक झाडूवाला फिरतो.
ज्याला कुणी धरलेलं नाही, ते तो उचलतो.
पलीकडून धरलेला हात त्याला दिसत नाही.
बुधवारी पहाटे त्याने अख्खी बोट झाडून नेली.
त्याचं काही चुकलं नव्हतं.
आम्ही एक खुंटी ठोकली, तिकडच्या हाताची खूण म्हणून.
हात सुटला की खुंटी काढायची, हेही लिहिलं;
नाहीतर घरभर खुंट्याच.

या सगळ्यात मला एक गोष्ट दिसली, जी मी तिला सांगितली नाही.
सोळा वर्षं हिलेवी माझ्याशी फिनिशमध्ये भांडते,
इतकं स्वच्छ, की माझ्या आईला ती आमच्याच गावची वाटते.
पण पडद्यावर बोट ठेवून ओळी मोजायला लागली
की ओठ हलतात: एत्, त्वो, त्रे.
मोजताना बाई आपल्या आईच्या स्वयंपाकघरात शिरते.
मी बाहेर थांबतो.
तिथे मला कुणी बोलावलेलं नाही, आणि बरोबरच आहे ते.

मार्चमध्ये तोच टेम्पो परत आला, एकच पियानो घेऊन.
कुत्रा जागा होता.
यादीत तो पहिला होता. किंवा शून्यावा.
हिलेवीने चष्मा वर सरकवून विचारलं, "एकूण किती?"
मी म्हटलं, "चाळीस."
"माझ्याकडेही," ती म्हणाली.
कुठूनही सुरू केलं तरी
या एका आकड्यावर आमचं कधीच भांडण नव्हतं.