लेखाशीर्ष

प्रस्तावात घोडा नव्हता.
चौदा खुंट होते, हिमनदीत रोवायचे,
वाफेचा एक ड्रिल, बॅटऱ्या, दोन फेऱ्यांचं डिझेल,
'इतर' या सदरात अडीच टक्के,
आणि शेवटच्या पानावर आयपेरीची सही,
जिला कायम कुठेतरी जायचं असतं.

जुलैत ती नारीनच्या डोंगरांवरून परतली
आणि माझ्या टेबलावर एक कागद ठेवला:
वहीचं फाडलेलं पान, कडेला चरबीचा डाग,
तळाशी निळ्या शाईतला अंगठा.
घोडा, एक. एक लाख दहा हजार सोम.
ही पावती?
गुरांच्या बाजारात, ती म्हणाली,
हातात हात धरून, हलवून हलवून भाव ठरतो.
कागद मागितला तर हसले सगळे.
अंगठासुद्धा माझ्यावर दया म्हणून.

मग बसली. चहाला नको म्हणाली.
सातिबाल्दीचा करडा घोडा, पाठीवर आपला ड्रिल,
ढासळत्या दगडांत पाय गेला.
म्हाताऱ्याने आधी ड्रिल सोडवला, पुसला,
बाजूला ठेवला. मग सुरी काढली.
आणि संध्याकाळी सगळ्यांना जेवायला बोलावलं.
जेवलीस?
जेवले.

त्या दिवसाचा भोजनभत्ता कापावा का,
असं माझ्या मनात येऊन गेलं.
बावीस वर्षं हिशेब लिहिले की
मनात असलंच काही येतं.

नियम स्पष्ट आहे:
प्रस्तावाबाहेरच्या खर्चाला पूर्वपरवानगी हवी.
घोडा न विचारता पडला.
त्याला डोकं होतं, लेखाशीर्ष नव्हतं.
'उपकरणे'त घालू? घसारा काढावा लागेल,
पाच वर्षांत किंमत शून्य,
आणि नवा घोडा तर अजून चार वर्षांचा.
'वाहतूक'? 'मानधन'? कुणाचं?
'नुकसानभरपाई' हा शब्द निधीवाल्यांना खपत नाही,
त्यात कुणीतरी चुकलेलं असतं.

शेवटी झ्युरिकला खरंच लिहिलं. दीड पान.
खरं लिहिताना इतकी खाडाखोड होते
हे मला माहीत नव्हतं.

चाळीस दिवसांनी उत्तर आलं, सभ्य.
रक्कम मंजूर, पण आहे त्याच चौकटीत:
म्हणजे सप्टेंबरची फेरी गेली.
चौदापैकी अकराच खुंट रोवले गेले.
तीन जागी बर्फ किती खाली गेलं
ते आता बर्फालाच ठाऊक.
आणखी एक ओळ होती, तळटिपेसारखी:
प्रकल्प संपल्यावर सदर मालमत्ता कुठे ठेवली जाईल?

आयपेरीला फोन लावला. ती खूप वेळ हसली,
मग हसणं थांबलं आणि तरी फोन चालू राहिला.

ऑक्टोबरात वार्षिक पडताळणी.
बिश्केकहून दोन दिवसांचा रस्ता, स्वखर्चाने गेले,
कारण माझ्या जाण्याचंही सदर नव्हतं.
तंबूमागे नवा घोडा, तांबूस, जरा भित्रा.
न रोवलेल्या तिनांपैकी एक अॅल्युमिनियमचा खुंट
सातिबाल्दीने मातीत ठोकला होता, दावं त्यालाच.
खुंटावर अजून संस्थेचा आकडा दिसत होता: बारा.
म्हातारा ओशाळला. काढून देतो म्हणाला.

मी वही उघडली.
गार हातांनी पेन दोनदा झटकलं.
खुंट क्रमांक बारा. स्थिती: चांगली.
वापरात आहे.