जबाबदार व्यक्ती

आर्लोच्या डाव्या कानात
एकोणीसशे एक्याऐंशीपासून एक रातकिडा आहे.
तो हिवाळ्यातही मरत नाही.
उणे तीस अंशांत पाइपातलं पाणी गोठतं
तेव्हाही किरकिरत असतो, असं आर्लो सांगतो.
मी जेवायला हाक मारते,
दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा,
मग खांद्याला हात लावून.

म्हणून सप्रेसर.
मेंढ्या विण्याच्या दिवसांत कायोटी येतात,
रात्री चारचारदा उठून बार काढायचा
आणि प्रत्येक बाराबरोबर
उरलेल्या कानातलं थोडं थोडं देऊन टाकायचं.
"लोक सायलेन्सर म्हणतात," दुकानदार म्हणाला,
"पण शांत काही होत नाही, मॅडम.
हातोडा असतो, त्याची टाळी होते. बस्स."

वकील टॉलेफसनांची कचेरी बियाण्यांच्या दुकानावर.
त्यांनी दोन कागद पुढे सरकवले.
हा एकट्याच्या नावावरचा. सोपा.
पण तुम्ही परगावी गेलात
आणि तिजोरीचा आकडा बाईंना ठाऊक असला,
तर बाई गुन्हेगार ठरू शकतात
स्वतःच्याच स्वयंपाकघरात.
हा ट्रस्टचा. यात नावं घालायची.
ज्याचं नाव, त्याचा हात.
तुमच्या माघारीही मोडत नाही.

"तर, विश्वास कुणाकुणावर आहे?"
पेनाचं टोपण काढत त्यांनी विचारलं,
कॉफीत साखर किती, तसं.

आर्लोला विचार करावा लागला नाही.
लॉय.
थोरला भाऊ.
ज्यानं त्याला श्वास अर्धा सोडून थांबायला शिकवलं,
ज्यानं एकोणनव्वदच्या हिमवादळात
कमरेला दोरी बांधून
गोठ्यापासून घरापर्यंत मला आणलं,
माझ्या पोटात सात महिन्यांची ग्रेटा असताना.

टॉलेफसनांनी पेन खाली ठेवलं.
त्यांना ठाऊक होतं, साऱ्या परगण्याला ठाऊक आहे:
बाविसावं वर्ष, दुसऱ्याचा ट्रक, दुसऱ्याचे गोऱ्हे,
डियर लॉजच्या तुरुंगात एकोणीस महिने.
"त्यांचं नाव घालता येणार नाही. कायद्याच्या लेखी..."
वाक्य त्यांनी पुरं केलं नाही,
तेवढं त्यांचं चांगलं.

मग माझं नाव.
आयुष्यात एकदाही चाप न ओढलेल्या बाईचं.
आणि ग्रेटाचं, जी बिलिंग्जला लोकांचे दात साफ करते
आणि मेंढीचं मांस खात नाही.

ट्रस्टलाही नाव लागतं म्हणे.
टॉलेफसनांनी लिहिलेलं आडनाव
आर्लोनं खोडलं, आणि लिहिलं: दोरी.
कुणी काही विचारलं नाही.

शेरीफच्या कचेरीत माझे ठसे उमटेनात.
बेचाळीस वर्षं लोकर, सोडा, उकळतं पाणी,
रेषा झिजून गेल्यात.
मिसरूड फुटलेला तो शिपाई
माझा अंगठा पुन्हा पुन्हा फिरवत म्हणत राहिला,
हात सैल सोडा, मॅडम, सैल.
तिसऱ्या कार्डावर जेमतेम एक भोवरा आला.
कार्डासोबतच्या अर्जावर छापलं होतं,
जबाबदार व्यक्ती.

आठ महिने थांबलो.
आमच्या पैशांनी घेतलेली, आमची नसलेली ती नळी
दुकानदाराच्या तिजोरीत.
तेवढ्यात दोन मेंढ्या गेल्या, अकरा कोकरं,
आणि उजव्या कानाचंही काहीतरी.

पहिल्या बारानंतर आर्लो
कुंपणापाशी उभाच राहिला.
मी घाबरून धावले.
"मेडोलार्क," तो म्हणाला.
"बाराआधी गात होता.
अजून गातोय."

लॉय रविवारी येतो.
तो यायच्या आधी तिजोरी बंद आहे का
मी बघते. मग पुन्हा बघते.
मला ते आवडत नाही. तरी बघते.
तो टोपी खुंटीला लावतो,
बूट दाराशी काढतो,
टेबलाभोवती चार खुर्च्या असतात
आणि न सांगता, दरवेळी
तो तीच ओढून घेतो
जिच्यावर बसलं की
तिजोरीकडे पाठ होते.