शेवटी उरलेलं पान

आठ माणसं, प्रत्येकी तीन पुड्या, पुडीत पंधरा पानं,
म्हणजे तीनशे साठ.
स्टेनुनने हा आकडा मासळीच्या खोक्यावर लिहिला
नोव्हेंबरअखेर, सूर्य डोंगराआड गेला त्या आठवड्यात.
इसाफ्योर्दुरला तो दोन महिन्यांनी परत येतो
आणि आला की आम्ही पातळ गोड धिरडी खातो, कॉफीबरोबर.
तोवर संच तयार हवा, ती म्हणाली.

माझ्याकडे कापाकापी.
वाचनालयातलं कागद कापायचं यंत्र, पातं एका टोकाला बोथट,
त्यामुळे प्रत्येक पानाचा खालचा डावा कोपरा जरा पिंजलेला.
कापलेला कागद कुणी न विचारणाऱ्या जुन्या पत्त्यावर ठेवायचा,
दोन्ही मिळून प्लास्टिकच्या पाकिटात सरकवायचे.
नव्याला ताठ उभं राहायला जुन्याची पाठ लागते.

चार रंग केले तिने: वारा, मासा, लोकर, बर्फ.
वारा हातातली पानं उडवतो.
मासा स्वस्त, पण दोन फेऱ्यांत नासतो.
लोकर सावकाश. कोल्बेन दर वेळी लोकर घेतो आणि दर वेळी हरतो.
बर्फ पहिल्या चाचणीत इतका जबर निघाला
की मासळी-कारखान्यातून थेट आलेली गोशा
हातमोजे न काढताच म्हणाली,
"हा डाव नाही, हा हवामानाचा अंदाज आहे."
त्याच रात्री बर्फाची अकरा पानं गेली.

खेळ असा: पुडी फोडायची, एक पान ठेवायचं,
बाकीची चौदा डावीकडे.
मग तेरा. मग बारा.
आपल्याला काय हवंय ते बोलायचं नाही;
शेजाऱ्याने काय सोडलं
त्यावरून त्याचं मन ओळखायचं.
स्टेनुन खेळत नाही. ती मागे उभी राहते
आणि शेवटी कोणतं पान उरतं ते वहीत टिपते.

दर वेळी ओड्डूर उरायचा.

'ओड्डूर, बर्फ हटवणारा.' किंमत पाच, ताकद एक.
तो आला की वाट मोकळी होते, सगळ्यांची,
समोरच्याचीसुद्धा.
असलं पान कोण घेणार?
किंमत चार केली. उरला.
तीन केली, गाडीवरचा पिवळा दिवा मोठा काढला. उरला.
उन्नूर म्हणाली, समोरच्याची वाट कशाला? फक्त आपली कर.
स्टेनुन म्हणाली, "मग तो ओड्डूर नाही."

ओड्डूर तिचा मामा. एकतीस वर्षं नगरपालिकेची ती गाडी चालवली,
पहाटे चारला, गावातल्या शेवटच्या घरापर्यंत;
त्या घराशी त्याचं बोलणं नव्हतं.
मार्चमध्ये गेला. इस्पितळात, झोपेत.
हिमकडा वगैरे काही कोसळला नाही,
लोकांना उगाच तसं वाटतं.

नाताळानंतरच्या चाचणीला पुन्हा उरला,
तेव्हा तिने वहीत त्याच्यावर रेघ मारली.
पट्टी लावून, सरळ.
मी काही बोललो नाही. तीनशे साठमध्ये
माया धरायला जागा नसते, हे तीच सांगायची.

जानेवारीत तिने मला नवे कागद दिले. एकच चित्र, दीडशे वेळा.
फुकटची पानं ही, कुठल्याच पुडीत नसतात,
निवडावी लागत नाहीत.
डबा टेबलाच्या मधोमध, ज्याला लागतील तितकी घ्यायची;
ती नसतील तर हातातलं एकही पान खेळता येत नाही.
नाव फक्त 'रस्ता'.
दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, मध्ये काळा ओला डांबर,
आणि लांब, जिथे वळण आहे तिथे,
एक पिवळा ठिपका.
मला आधी शाईचा डाग वाटला.

धिरड्यांच्या दिवशी गोशाने सोळा घेतली, कोल्बेनने अठरा.
चित्राकडे कुणी पाहिलं नाही. कशाला पाहतील?

एका पानावर माझं पातं घसरलं होतं,
ठिपका अर्धा कापला गेला.
ते मी खिशात टाकलं, डब्यात एकशे एकोणपन्नास ठेवली.
डाव संपल्यावर तिने मोजली. सगळी.
"एक परत छाप," म्हणाली.