दंड: अर्धी अस्रफी

आमच्या घरात सांगतात,
बांध फुटला त्या रात्री पुरसो खाजनात उतरला
आणि भगदाडात स्वतःच आडवा झाला.
मानशीजवळच्या दगडाला
नागूआत्या अजून तेल घालते.

मी पुरावा शोधत होते, नुसता तारखेपुरता.
गावकारीच्या वहीत वाळवीने एक भोक पाडलंय,
सतरा पानं आरपार, सतरा नावं गिळलेली.
पुरसो वाचला, दोन ओळींनी.
एफिजेनिया बाईंनी भिंग धरलं, बोट न लावता
पोर्तुगीज वाचलं, मग मराठीत, मग पुन्हा एकदा:
अकरा आगोस्त. रात्री बांधावर गैरहजर.
पुरसो, विठूचा. दंड, अर्धी अस्रफी.

त्या कारकुनाला आमचं काय पडलं होतं!
म्हणून तर त्याच्यावर विश्वास बसला.

परतताना चोडणच्या फेरीत
कठड्याला टेकून जुन्या पंचांगात ती तारीख लावली.
अमावास्या. भरती मोठी असणारच.
आणि घरी, ट्रंकेच्या तळाशी,
पुरसोच्या थोरल्याची पत्रिका, मोडीतली, कसर लागलेली:
तीच अमावास्या. जन्म मध्यरात्रीनंतर.

दोन कागद, एकमेकांना कधी न भेटलेले.
कारण दोन्हींत लिहिलेलं नाही.

वहीच्या पुढच्या पानावर
दंड भरल्याची नोंद आहे. तीही उशिरा,
दुसऱ्या पावसाळ्यात, त्याच्याच हातची निशाणी.

आत्याला काय सांगू?
आज तिचा गुडघा धरला होता.
तेलाची बाटली घेऊन
मानशीवर मीच गेले.